डबी कुणी लावली?

अप्पांनी गळ्यातून सोडलेली चांदीची डबी उजव्या हाताने उघडली, आतलं पांढरं वस्त्र चिमटीत धरून उलगडलं... आणि त्यांचा हात तसाच थांबला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नसेल. त्यांनी वस्त्र मांडीवर पसरून बोटांनी चाचपलं. डबीत बोट घालून पाहिलं. पुन्हा वस्त्र चाचपलं. आणि मग त्यांनी "नीलम्मा..." अशी हाक मारली, ती इतक्या बारीक आवाजात, की स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या त्यांच्या लेकीच्या काळजात चर्र झालं. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत आली.

"लिंग न्हाई गं! डबीत लिंग न्हाई!"

ज्यांच्या घरात गळ्यात लिंग बांधत नाहीत, त्यांना यातला आकांत कळायचा नाही. तान्हेपणी स्वामींनी बांधलेलं ते इष्टलिंग गुरुसिद्धप्पांच्या अंगावरून उभ्या जन्मात कधी उतरलं नव्हतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला भस्म, बेल, फूल वाहायचं, त्याच्याकडे एकटक बघत जप करायचा, आणि पुन्हा वस्त्रात गुंडाळून, डबीत घालून छातीशी बांधायचं. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. बायको गेली त्या सकाळीही त्यांनी आधी पूजा केली होती आणि मग टाहो फोडला होता. सेलूच्या बाजारपेठेत दोर-ताडपत्रीचं दुकान चालवणारा साधा माणूस, पण या एका बाबतीत पोलादासारखा!

"म्हंजी काल सबंध दिवस मी रिकामी डबी छातीला लावून बसलो?" अप्पांनी रिकामी डबी मुठीत आवळली. "जेवलो मी! दोन्ही टायमाला जेवलो! नीलम्मा, लिंग अंगावर नसताना मी अन्न खाल्लं गं!"

मग त्यांनी मान वर केली. आवाज बदलला. "काल डबी कुणी लावली?"

खरं तर हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. उन्हाळ्यात अप्पांना लकव्याचा झटका आला, त्यात डावा हात अधू झाला. तळहात असा कापायचा, की त्यावर लिंग ठरेना. तेव्हापासून त्यांचा मुलगा शिवप्रकाश रोज पूजेला शेजारी बसायचा, बापाच्या हाताखाली आपला हात धरायचा, आणि पूजा झाली की लिंग फुला-बेलासकट ताम्हनात उतरवून, मग ते वस्त्रात गुंडाळून, डबीत ठेवून, झाकण लावून, दोरा बापाच्या गळ्यात बांधायचा. पूजेनंतर अप्पांना ग्लानी यायची. भिंतीला टेकून ते डोळे मिटून बसायचे. ही व्यवस्था नीलम्मानेच लावली होती. एरवी बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते... निदान रोज सकाळी घटकाभर तरी एकाचा हात दुसऱ्याच्या हातात राहील, एवढाच तिचा भाबडा हिशेब!

तिने प्रकाशकडे पाहिलं. तो अप्पांच्या शेजारीच बसला होता. बाविशीतलं दाढी फुटलेलं पोरगं, पण चेहरा पांढराफटक पडलेला. आणि त्याच्या मांडीखाली दडवलेल्या फोनचा निळसर उजेड पाटावर सांडलेला...

त्या उजेडात नीलम्माला कालची सकाळ लख्ख दिसली. प्रकाशचा एक हात अप्पांच्या हाताखाली, दुसरा हात फोनवर. फोनवर त्याचा तो दोस्तांच्या टोळीचा खेळ चाललेला. हे रोजचंच होतं. अप्पांना दिसत नाही आणि आपण बोललो तर पोरगं उठून जाईल, म्हणून ती रोज गिळून टाकायची. काल पूजा झाल्यावर ती निर्माल्याची टोपली घेऊन आली होती. ताम्हनातली फुलं-बेल तिने ओंजळीने भरली आणि संध्याकाळी शेजारच्या सुलाबाईबरोबर जाऊन कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात सोडून आली. म्हणजे बेलाच्या पानांखाली लिंग ताम्हनातच राहिलं होतं! याने नुसत्या वस्त्राची घडी केली, डबीत घातली, झाकण लावलं... आणि लिंग आपणच, आपल्याच हाताने, पाण्यात सोडून आलो!

"मी इचारायलोय, डबी कुणी लावली?"

"मी लावली, अप्पा."

शब्द तिच्या तोंडून निघून गेले, तेव्हा तिलाच कळलं की आपण बोललो.

"तू?"

"दुकानात गिऱ्हाईक आलं हुतं. मीच परकाशला म्हनलं, जा तू... तुमी डोळे मिटलेले. मीच दोरा बांधला. चुकलं माझं, अप्पा... माझ्या हातून लय मोठं पाप झालं!" आणि ती त्यांच्या पायांवर कोसळली. रडणं मात्र खोटं नव्हतं.

अप्पा कितीतरी वेळ तिच्या दिशेने बघत राहिले. मग त्यांनी दुसरीकडे, जिथे प्रकाश बसला होता तिकडे, तोंड वळवलं. तिथून काही आवाज आला नाही. "बरं," ते म्हणाले. "आता लिंग अंगावर येईस्तोवर अन्न न्हाई. औषधबी न्हाई."

"अप्पा, गोळ्या तरी... डॉक्टरनं बजावलंय, गोळी चुकली तर दुसरा झटका..."

"सांगितलं ना एकदा." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नीलम्माने हे का केलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिची आई, अव्वा, गेली तेव्हा प्रकाश बोट धरून चालणारं लेकरू होता. जाताना अव्वाने त्याचा हात हिच्या हातात दिला, आणि त्या दिवसापासून हिने त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपला. स्थळं आली, "लेकरू जरा मोठं होऊ द्या" म्हणून परत गेली; मग यायचीच बंद झाली. लेकरू मोठं झालं, कॉलेज अर्धवट सोडून दुकानात बसू लागलं, आणि त्याच्या हातात फोन आला. मग काय विचारता! जेवताना फोन तांब्याला टेकवलेला. भाजी वांग्याची होती की दोडक्याची, विचारलं तर सांगता यायचं नाही. गिऱ्हाईक कासरा मागायचं, हा ताडपत्री काढून द्यायचा. गेल्या दिवाळीत मालाची गाडी दारात उभी असताना अप्पांनी हाकांवर हाका मारल्या, पोरगं मान वर करीना. तेव्हा अप्पांनी तो फोन हिसकावून अंगणातल्या हौदात टाकला. प्रकाश जो गेला तो गेलाच. संध्याकाळी तो नीलम्माला सापडला तो कापसाच्या जिनिंगच्या मागे, रेल्वेच्या रुळालगत दगडावर बसलेला. त्याची ती नजर पाहून तिच्या अंगावर काटा आला होता. तिने स्वतःचा फोन त्याच्या हातात ठेवला, "मी हाय तवर तुला कुणी काय म्हननार न्हाई" असं म्हणाली आणि त्याला घरी आणलं. तेव्हापासून घरात बाप आणि लेक, आणि मधे ही. याचं बोलणं त्याला गाळून सांगायचं, त्याचं याला. आज तिने फक्त तेच केलं होतं. जरा मोठ्या प्रमाणावर, एवढंच!

ती कॅनॉलवर गेली. पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, तळाचा गाळ ओंजळीने उपसला, पायऱ्यांच्या कपारी चाचपल्या. झेंडूच्या पाकळ्या सापडल्या, कुणाचा तरी फुटका नारळ सापडला. वाहत्या पाण्यात बोराएवढी वस्तू कुठवर थांबणार! काठावरून सुलाबाई म्हणाली, "अगं, बापाचं लिंग लेकीच्या हातनं गेलं म्हनायलेत सगळे. जरा ध्यान ठिवायचं की बाई!" मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? नीलम्मा ओल्या लुगड्याने परत आली.

दुकान घराच्याच पुढच्या अंगाला होतं. प्रकाश सुतळीच्या बंडलांमागे बसला होता. फोन होता हातात, पण तो त्याकडे बघत नव्हता, हे पाहून तिला आशा वाटली.

"परकाश, खरं सांग मला. काल पूजा झाल्यावर तू लिंग वस्त्रात घेतलं हुतंस का?"

तो सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"आठव की रे जरा!"

"आठवायलोय, अक्का! सकाळधरनं तेच करायलोय!" त्याचा आवाज फाटला. "वस्त्राची घडी केल्यागत आठवतंय. झाकणाचा आवाज आल्यागत वाटतंय. पन घडीत काय हुतं, काय नव्हतं... मला आठवतच न्हाई! माझे हात काय करत हुते ते मलाच ठाऊक न्हाई, अक्का!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. किती वर्षांनी तिने ते पाहिलं! ती पुढे झाली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली तो क्षणभर लहान झाला. आणि मग मान वर करून, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"अक्का... तू अप्पाला सांगितलंस ते खरं हाय का? तूच लावली हुतीस का डबी?"

त्याच्या नजरेत आशा होती! बुडणाऱ्याने काठीकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत होता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं म्हणून त्याला आता काहीही खरं मानता येणार होतं. "नाही रे बाळा, तूच लावलीस," एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ते रूळ, तो दगड, ती नजर...

"हो रे," ती म्हणाली. "मीच लावली."

प्रकाशने मोठा सुस्कारा सोडला. "तरीच! मला वाटलंच हुतं. मी उगंच सकाळधरनं डोकं पिकवून घेतलं." त्याने बाहीने डोळे पुसले. आणि नीलम्माचा हात अजून त्याच्या डोक्यावर असतानाच त्याचा अंगठा फोनवर चालू लागला.

तिने हात काढून घेतला. त्याला ते कळलंही नाही.

इतकी वर्षं तिने त्याच्यासाठी काय काय सोसलं, त्याचं तिला कधी दुःख झालं नव्हतं. ते तिने आनंदाने केलं होतं. पण आज, या एका क्षणात, तिच्या मनात काहीतरी लख्खकन चमकलं. अरे, आत बाप उपाशी पडलाय! औषध घेईना झालाय! आणि हा मोकळा झाला! कुणी मोकळा केला याला? मीच की! घटकेपूर्वी याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मीच पुसून टाकलं... ती घरात गेली आणि चुलीपुढे नुसती बसून राहिली.

मठपती स्वामी सोनपेठला एका लग्नकार्यात अडकले होते. "उद्या सकाळी येतो, नवीन लिंग घेऊनच येतो, अप्पाला धीर दे," असं त्यांनी सुलाबाईच्या फोनवर सांगितलं. उद्या सकाळपर्यंत! दुपार कलली तशी अप्पांची जीभ जड व्हायला लागली. नीलम्मा गोळ्या आणि पाण्याचं फुलपात्र घेऊन उभी राहायची, अप्पा मान हलवायचे, ती परत जायची. संध्याकाळी दिवा लावायला ती आली तेव्हा अप्पांनी तिला जवळ बोलावलं.

"नीलम्मा, तू सकाळी सांगितलंस ते खरं हाय ना?"

दुकानातून फोनमधल्या गोळीबाराचा आवाज येत होता.

"हो, अप्पा."

"मग ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. एक विलक्षण थकवा होता, आणि नीलम्माला वाटलं, त्यांनी राग केला असता तर बरं झालं असतं!

सकाळी स्वामी आले. "शरणार्थ, स्वामीजी," म्हणून नीलम्माने त्यांच्या पायांवर पाणी घातलं. स्वामींनी अप्पांची नाडी पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. नवीन लिंग, भस्म, बेल, सगळं पाटावर मांडून झालं. मग ते म्हणाले,

"गुरुसिद्धप्पा, आपल्या मठाची रीत तुला ठाऊक हाय. ज्याच्या हातून लिंग गेलं त्यानं भस्माला हात लावून चूक कबूल करायची. मग दीक्षा. कुणाच्या हातून झालं?"

नीलम्मा पुढे सरकली. दाराच्या चौकटीला टेकून प्रकाश उभा होता. फोन खिशात होता, पण हात खिशावरच. तिने भस्माच्या वाटीकडे हात नेला. खोटं ते खोटं, आता गुरूपुढे, भस्माला शिवून! तिची बोटं वाटीच्या काठाशी आली...

"हात मागं घे, नीलम्मा," अप्पा म्हणाले.

स्वामींनी वळून अप्पांकडे पाहिलं.

"चाळीस वर्सं दोर इकायलोय मी," अप्पांची जीभ अडखळत होती, पण शब्द न् शब्द कळत होता. "डोळे गेले, हात गेला. पन काल सकाळी डबी काढताना दोऱ्याची गाठ बोटाला लागली की नुसत्या ओढीनं निसटली. एका हातानं मारलेली गाठ हुती ती. तुझी गाठ तशी नसती. तू गाठ मारलीस की नखं तुटत्यात सोडवताना."

"अप्पा! तुमाला कालच कळलं हुतं? मग बोलला का न्हाईत? असे उपाशी... औषधाबिगर..."

"माझा उपास लिंगासाठी हाय असं वाटलं व्हय तुला? लिंग काय, स्वामीजी घेऊन आलेत. मला एक शब्द पायजे हुता गं. एकच! काल त्याच्या तोंडाकडं बघायलो हुतो मी. दिसत न्हाई मला, तरी बघायलो हुतो. हे लिंग गेलं, दुसरं मिळंल. पोरगं हातचं गेलं तर ते कुठल्या मठात मागू?"

त्यांच्या मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यांतून अश्रूंची धार लागली. आणि नीलम्माला कळून चुकलं की बाप कालपासून ज्या दाराकडे डोळे लावून बसला होता, त्या दारात आपणच आडव्या उभ्या होतो! पाठीशी घालायचं, पदराखाली घ्यायचं, झाकायचं, निस्तरायचं... याला ती आजवर माया म्हणत आली होती. आता उरलं होतं ते या सगळ्याहून कठीण होतं. तिने मान वर केली, प्रकाशच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकेक शब्द उच्चारला,

"काल मी खोटं बोलले, अप्पा. डबी मी लावली न्हाई. परकाशनं लावली."

"अक्का!" प्रकाश ओरडला. "तूच म्हनलीस मला काल! दुकानात! तूच..."

"तुलाबी खोटं सांगितलं. ताम्हनातलं निर्माल्य मी न बघता उचललं, तेवढं पाप माझं. मी भस्माला हात लावते. डबी तुझ्या हातात हुती."

"स्वामीजीपुढं! सगळ्यांपुढं मलाच गुन्हेगार ठरवलंस? तूच म्हनायचीस ना, मी हाय तवर कुणी काय म्हननार न्हाई म्हनून?"

"म्हनायचे. तिथंच चुकलं माझं."

तो थिजल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या बाजूला नव्हती! मग तो वळला, दार धाडकन आपटलं, आणि पावलं दुकानातून बाहेर पडल्याचा आवाज आला.

"बघ गं... कुठं चालला बघ!" अप्पाच कळवळले. उठायला गेले, पण उठवेना. "जा नीलम्मा, आण त्याला!"

तेवढ्यात गावाबाहेरून गाडीचा भोंगा ऐकू आला, लांबलचक. ते रूळ! तो दगड! जे धीराचं बोलणं आत्ता बोलली होती ते कुठच्या कुठे उडालं. ती धावली. ओसरी ओलांडली, दुकान ओलांडलं, दोरांच्या वेटोळ्यात पाय अडकून पडता पडता वाचली, पायरीवर आली...

तो पायरीवरच बसला होता.

गुडघ्यांत मान घातलेली. फोन हातात, काळा, बंद. तिची चाहूल लागताच त्याने मान वर केली. ती नजर नीलम्माला तोंडपाठ होती: रुसलेल्या लेकराची, आता अक्का येईल, समजूत काढेल, मग उठू, अशी. "चल रे बाळा," हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. काळीज तुटत होतं! एक शब्द, फक्त एक शब्द, आणि तो उठून आत आला असता; आणि उद्या पुन्हा सगळं होतं तसंच चालू झालं असतं.

ती काही बोलली नाही. मागे वळली, आत गेली आणि अप्पांच्या पायाशी जाऊन बसली. "दारातच हाय, अप्पा," एवढंच म्हणाली. स्वामींनी डोळे मिटून जप सुरू केला. बाहेर गाडी धडधडत गेली, तिचा आवाज विरत विरत गेला. अप्पांचा श्वास वरवर लागला होता, गोळ्यांची पुडी पाटाशेजारी तशीच पडलेली. नीलम्माने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. येत नाही... हा काही येत नाही... अप्पांचं काही बरंवाईट झालं तर मी माझ्या हाताने घालवलं दोघांनाही...

दार वाजलं.

प्रकाश आला, तो कुणाकडे न बघता थेट अप्पांपुढे येऊन खाली बसला. मग तो बोलू लागला, ते बोलणं कुठून तरी खोलातून उपसून काढावं तसं येत होतं.

"अप्पा... मला आठवत न्हाई. मी लय आठवून बघितलं. लिंग कुठं ठिवलं न्हाई आठवत. पन डबी माझ्याच हातात हुती. मीच लावली." त्याचा हुंदका फुटला. "नुसतं त्या एका दिवसाचं न्हाई, अप्पा... कुठल्याच दिवसाचं आठवत न्हाई मला! उन्हाळ्यापासून रोज तुमचा हात माझ्या हातात असतो, आन् मला त्याचं वजनबी आठवत न्हाई!"

त्याने भस्माच्या वाटीला हात लावला. अप्पांनी उजवा हात चाचपडत पुढे केला, त्याचं डोकं शोधलं आणि छातीशी ओढून घेतलं. "बास... बास झालं लेकरा... एवढंच ऐकायचं हुतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बाप-लेक रडत होते, आणि स्वामींसारख्या विरक्त माणसानेही उपरण्याने डोळे टिपले.

दीक्षा झाली. अप्पांच्या कापऱ्या तळहाताखाली प्रकाशने आपले दोन्ही हात धरले. मधेच त्याच्या खिशात फोन थरथरला, त्याची नजर क्षणभर तिकडे गेली आणि परत आली. फोन त्याने काही हौदात फेकला नाही. तशा गोष्टी भलत्या आवेशात होतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस नवा फोन घेऊन येतो. तो थरथरून थरथरून गप्प झाला, एवढंच. लिंग वस्त्रात गेलं, वस्त्र डबीत गेलं, आणि गळ्यातल्या दोऱ्याची गाठ प्रकाशला तीनदा सोडून बांधावी लागली, कारण अप्पा दर वेळी ती बोटाने ओढून बघत होते.

मग गोळ्या झाल्या. नीलम्माने ज्वारीच्या मऊ कण्या शिजवल्या, त्यावर ताक घातलं, आणि ओसरीवर तीन ताटं मांडली. अप्पा, स्वामी, प्रकाश. ती वाढायला उभी राहिली.

अप्पांच्या तोंडात पहिला घास गेला. प्रकाशने घास उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"अक्का, तुझं ताट?"

"मी मागून बसते. तू जेव."

"मागून म्हंजी कवा?" तो तिच्याकडे बघत होता. तिच्या सुकलेल्या ओठांकडे, खोल गेलेल्या डोळ्यांकडे, वाढताना कापणाऱ्या हाताकडे. "अक्का... तू कालधरनं जेवली न्हाईस."

"जेवले की रे. तू जेव आदी."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. भाकरीची टोपली उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"काल सकाळी तू ज्या भाकरी थापल्यास त्यातल्या मीच तेवढ्या खाल्ल्या. दोन टायमाला. बाकीच्या तशाच वाळल्यात. तू घासबी घेतला न्हाईस... अप्पाचा उपास सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. तुझा कुनाला दिसला न्हाई गं!"

अप्पांचा हात ताटातच थांबला. "नीलम्मा?"

दिवसभर, रात्रभर, कॅनॉलच्या पाण्यात उभी असताना, सुलाबाईचे टोमणे ऐकताना, भस्माकडे हात नेताना जे धरून ठेवलं होतं, ते एकदम फुटलं. या पोराला दिसलं! भाजी कुठली खाल्ली ते न सांगता येणाऱ्या या पोराला आज अक्काच्या ओठांवरचा कोरडेपणा दिसला!

प्रकाशने चौथं ताट आणलं, आपल्या शेजारी मांडलं, कण्या वाढल्या, ताक सांडत सांडत घातलं, आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तिच्या डोळ्यांचं पाणी ताटात पडत होतं.

"रडत रडत नको खाऊ, ठसका लागंल," अप्पा म्हणाले. मग नीलम्माने पदराने तोंड पुसलं आणि पहिला घास घेतला.